गार्लंडच्या रविवारआधीचा बटाटा

१७ मार्च, गुरुवार

नर्स नोरीन काल सांगून गेली की रोजचं लिहून ठेवा. अट्रॅक्टाने काय खाल्लं, कधी दुखलं, औषधाचे थेंब कधी दिले. म्हणून बायकोसाठी हे लिहायला बसलो. जन्मभर दुधाचा टँकर चालवला, लिहिण्याशी संबंध सहीपुरता. असो. सकाळी अर्धी वाटी ओटची लापशी, दुपारी चहा आणि लोणी लावून पावाचा तुकडा. दुखलं नाही. निदान ती तसं म्हणाली.

गॉल्वेच्या मोठ्या डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. पोटातलं ते कापून काढण्यासारखं नाही, पण उन्हाळा मिळेल असं वाटतं, म्हणाले. मला ऐकून बरंच हलकं वाटलं. उन्हाळा तिला नेहमीच मानवतो. गाडीत बसल्यावर मी तसं म्हटलंसुद्धा. ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "मॅलकी, यंदा बटाटे माझ्या पद्धतीने लावायचे."

तिची पद्धत म्हणजे बटाट्याला सोबत द्यायची. ओळींच्या मध्ये वाल, कडेने झेंडू, चार कोपऱ्यांना हॉर्सरॅडिश, म्हणजे ते नाकातून पाणी काढणारं मूळ. इतकी वर्षं परसाच्या एका कोपऱ्यात तिचे हे प्रयोग चालायचे, मी हसायचो. आमच्या वडिलांची पद्धत सरळ होती. वरंबा घालायचा, त्यात बटाटे लावायचे, दुसरं काही नाही, आणि करप्याचे दिवस आले की मोरचूद मारायचं. तिचं म्हणणं, बटाटा एकटा ठेवला की सगळी कीड त्यालाच शोधत येते. मी म्हटलं, बटाट्याला बटाट्यांची सोबत पुरते की.

टोमॅटो मात्र लांब ठेवायचे म्हणे. दोघं एकाच घरातले, एकाला करपा लागला की दुसऱ्याला लागलाच. मी म्हटलं, "म्हणजे मी आणि फेस्टस." त्यावर ती हसली, बऱ्याच दिवसांनी. आणि म्हणाली, "नेमकं फेस्टसकडेच जायचंय तुला. शेणखत आणायला."

१९ मार्च, शनिवार

गेलो. फेस्टस माझा धाकटा भाऊ, राहतो याच वाटेच्या टोकाला. आई गेल्यावर त्याने आमच्या दोघांच्या वाटेवर फाटक बसवलं, मला न विचारता. तेव्हापासून चर्चच्या दारात मान हलवण्यापलीकडे आमचं बोलणं नाही. त्याच्या गोठ्यात गेलो तेव्हा तो वासराला पाजत होता. त्याने वर न बघताच विचारलं, काय पाहिजे. शेण, मी म्हटलं. शेणासाठी भावाच्या दारात उभं राहायची वेळ आली, आणखी काय बघायचं राहिलंय कोण जाणे.

"दुकानात पोत्यात मिळतं," फेस्टस म्हणाला.

"तिला तुझंच पाहिजे."

मग त्याने मान वर केली. "कशी आहे ती?"

"बरी आहे. उन्हाळ्यात सुधारेल."

तो स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. मला वाटलं नाहीच म्हणतो. पण दुपारी ट्रॅक्टरला जोडून गाडीभर खत घेऊन स्वतःच आला, ओतलं, आणि अट्रॅक्टाने हाक मारली म्हणून चहाला आत आला. टोपी गुडघ्यावर ठेवून पाहुण्यासारखा बसला होता. ती त्याला म्हणाली, माती चढवायच्या वेळी तूच ये रे, याची कंबर राहिली नाही. माझी कंबर उत्तम आहे. मी तसं सांगणार होतो, पण त्याच्यासमोर कशाला वाद घालायचा.

एक बिस्किट, चहात बुडवून. दोन घोट सूप.

२५ मार्च, गुड फ्रायडे

बटाटे लावले. पाऊस थांबला होता. क्वीन्स जातीचं बेणं, डोळे चांगले फुटलेले. अट्रॅक्टा माझा जाड कोट अंगावर घेऊन वाफ्याच्या टोकाला खुर्ची टाकून बसली, हात दाखवून सांगत होती, इथे, तिथे, जरा खोल. वडिलांसारखं बाटलीतलं चर्चचं पवित्र पाणी मी वरंब्यावर शिंपडलं. तेवढी रीत तिने मोडू दिली नाही.

वाल घेऊन डेलिया आली. डेलिया रस्त्यापलीकडे राहते. नवरा गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, म्हणून बाहेर भेटेल त्याच्याशी बोलते. मी सहसा तिला बघून गॅरेजमध्ये जातो. आज खड्ड्यात गुडघ्यावर होतो, पळता आलं नाही. ती वाल टोचत गेली आणि बोलत गेली. झेंडूची रोपं तिने खिडकीत पेरली आहेत, थंडी गेली की आणून देईन म्हणाली. आणि जाताना ठरवूनही गेली की मंगळवारी पत्ते खेळायला येईन. अट्रॅक्टाच म्हणाली ये म्हणून. मी तिला म्हटलं, अगं, तुला पत्ते आवडत नाहीत. "तुला आवडतात ना," ती म्हणाली. आवडायचे, क्रीमरीत, म्हणजे दूध डेअरीत, कामाला होतो तेव्हा.

संध्याकाळी दुखलं. थेंब दिले.

२ एप्रिल, शनिवार

आता हॉर्सरॅडिश. ते कुठे मिळतं, तर म्हणे क्रीमरीच्या मागच्या घरात तो पोलिश माणूस राहतो, मटणाच्या कारखान्यात कामाला जातो, त्याच्याकडे. इतकी वर्षं तो इथे आहे आणि मी गाडीतून हात वर करण्यापलीकडे त्याला ओळखत नाही. त्याचं नाव वाल्डेक. मी दारात उभा राहून मुळांबद्दल विचारलं तर त्याने आधी मला बसवलं, उकडलेलं अंडं आणि किसलेलं हॉर्सरॅडिश पुढे ठेवलं. डोळ्यांतून धारा लागल्या. तो खूश झाला.

फावडं घेऊन तो माझ्याबरोबर आला आणि चारही कोपऱ्यांत मुळं स्वतः लावून दिली. मग म्हणाला, "सांगून ठेवतो. हे एकदा लावलं की जात नाही. खणून काढा, करंगळीएवढा तुकडा खाली राहिला तरी परत येतं."

मला धक्काच बसला. परसभर हे पसरलं तर? मी अट्रॅक्टाला म्हटलं, "ऐकलंस? जात नाही म्हणे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच."

म्हणूनच काय, ते विचारायच्या आत ती वाल्डेकला त्याच्या आईबद्दल विचारायला लागली. तिकडे गावी ती एकटी असते म्हणे. बराच वेळ बसला. त्यालाही रविवारी ये म्हणून सांगितलं. मी म्हटलं, आपल्या घराचा बस स्टँड होणार. ती म्हणाली, होऊ दे.

अंडं अर्धं खाल्लं. हॉर्सरॅडिशचा नुसता वास घेतला आणि नाक मुरडलं.

१४ मे, शनिवार

रेडिओवर रात्री दहिवर गोठून हिम पडणार म्हणून सांगितलं आणि बटाट्याचे कोंब नुकते बोटभर वर आलेले. घरात होतं नव्हतं ते पांघरूण बाहेर नेऊन घातलं. शेवटी लग्नातली कशिदा काढलेली चादरही घातली. अट्रॅक्टा खिडकीतून बघून इतकी हसली की पोट धरून बसावं लागलं. हसल्यामुळे दुखलं की आधीच दुखत होतं, कळलं नाही. सकाळी बघतो तर सगळे कोंब शाबूत. तिला जाऊन सांगितलं. तिला झोप लागली होती.

२४ मे, मंगळवार

दोन चमचे सूप. जेली थोडी. डेलियाने झेंडू लावले आणि माझ्याकडून तीन डाव जिंकले. लबाडी करते.

१२ जून, रविवार

पलंग स्वयंपाकघराच्या बाजूच्या खोलीत आणला. वाल्डेक आणि फेस्टसने मिळून उचलला. दोघांची ती पहिलीच भेट. पलंग दारातून निघेना तेव्हा फेस्टस वाल्डेककडून पोलिश शिव्या शिकला. आता तिला पडल्या पडल्या वाफा दिसतो. बटाट्यांना फुलं आलीत, पांढरी. वालाला शेंगा धरल्यात. झेंडू मात्र अजून कुठे फुललेले नाहीत, पावसाने हैराण झालेत. मला कबूल करायला हवं, वाफा देखणा झालाय. मी तिला तसं म्हटलं नाही, उगाच डोक्यावर चढून बसेल.

फेस्टस गुरुवारी माती चढवायला येतो. खरं तर माती एकदाच चढवायची असते. तो दर गुरुवारी येतो, फावड्याने इकडचं तिकडे करतो आणि चहा पितो. गेल्या गुरुवारी जाताना फाटक उघडंच ठेवून गेला. मी लावायला निघालो, मग राहू दिलं.

अट्रॅक्टाने मला बटाटे उकडायला शिकवायचं मनावर घेतलंय. पलंगावरून ओरडून सांगते, मीठ घातलंस का, पाणी ओतून टाकल्यावर फडकं टाकून वाफेवर ठेव. मी म्हटलं, तू उठलीस की तूच कर, मला कशाला हे. "कर म्हटलं की कर," ती म्हणाली. दुकानातले जुने बटाटे, त्याला कसली आलीय चव. तरी केले.

३ जुलै, रविवार

आजचं नीट लिहून काढतो.

प्रार्थनेहून आलो तर ती जागी होती आणि तरतरीत होती. आदल्या दिवशी काही खाल्लं नव्हतं. मला जवळ बसवून म्हणाली, "मॅलकी, एक काढ ना. लहानसा. कोंबडीच्या अंड्याएवढा झाला असेल एव्हाना. लोण्याबरोबर खाईन मी."

मी म्हटलं, "अजून गार्लंडचा रविवार कुठे आलाय?"

"कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

आमच्याकडे जुलैच्या शेवटच्या रविवारी पहिला बटाटा काढतात, तोच गार्लंडचा रविवार. त्याच्या आधी जो जमिनीत काटा घालतो त्याला घर चालवता येत नाही, असं माझे वडील म्हणायचे, आणि त्यांचेही वडील म्हणत असणार. जुलैत घरात कोबीशिवाय काही नसायचं तरी आईने कधी वाफ्याला हात लावला नाही. दरवर्षी त्या रविवारी मी पहिलं रोप उपटतो, अट्रॅक्टा फडक्यात बटाटे घेते, आणि पहिला घास ती खाते. लग्न झाल्यापासून असंच आहे. यंदाही असंच होणार.

हे सगळं मी तिला सांगितलं. पण रीतीचं ते निम्मंच खरं. दुसरं तिला सांगता आलं नाही, ते इथे लिहितो. आज बटाटा काढला असता तर त्याचा अर्थ झाला असता की मला मान्य आहे. काय मान्य आहे, ते मी लिहिणार नाही. जुलैचा शेवट इतका लांब नाही. तिला थांबायला काहीतरी हवं, आणि मलाही.

तिने माझा हात थोपटला. म्हणाली, "बरं. थांबते मग."

मला फार बरं वाटलं. थांबते म्हणाली म्हणजे थांबेल, शब्दाची पक्की आहे ती.

८ जुलै, शुक्रवार

नोरीनने वही वाचली. तिने विचारलं, त्यांना आता जे खावंसं वाटेल ते द्यायला काही हरकत आहे का तुमची? मी म्हटलं हरकत कसली, पण बटाट्याचं वेगळं आहे, आणि समजावून सांगितलं. तिने पिशवी आवरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. ती डब्लिनकडची आहे, तिला आमच्याकडच्या गोष्टी काय कळणार.

दही, एक चमचा.

१४ जुलै, गुरुवार

हवामानाच्या बातम्यांनंतर सांगितलं. पश्चिमेकडे दमट, उबदार हवा, करप्याचा धोका. दरवर्षी सांगतात, पण यंदा मी लगेच उठलो. बाहेर जाऊन एकेक पान उलटून बघितलं. काही नव्हतं. हवा मात्र अंगाला चिकटत होती आणि पान हलत नव्हतं.

गॅरेजमध्ये वडिलांच्या वेळचा मोरचुदाचा डबा आहे. मी तिला विचारलं, मारू का? ती म्हणाली नको, त्या वासाने मला मळमळेल, आणि मधमाश्या येतायत वालावर, त्यांना बघत पडते मी. "मी एवढे सोबती लावलेत ना त्याच्याभोवती, बघू दे त्यांना काय करता येतं." मी म्हटलं, "अगं, करप्याला झेंडूने काय होणार? करपा वाऱ्यावरून येतो." ती म्हणाली, "माहीत आहे रे मला. करप्यासाठी नाहीच लावले ते."

मग कशासाठी लावले, काही समजत नाही. औषधामुळे कधीकधी असंबद्ध बोलते.

१६ जुलै, शनिवार

राहवलं नाही. सकाळी तिला झोप लागलेली बघून मोरचूद आणि धुण्याचा सोडा कालवला, पंप पाठीवर घेतला आणि सगळा वाफा फवारून काढला. पंपाचं वायसर गेलेलं, अर्धं पाणी माझ्याच पाठीवर गळलं. आत आलो तर ती जागी. म्हणाली, "वळ बघू." वळलो. शर्ट पाठीला चिकटलेला, निळाशार. मी पोरासारखा उभा होतो. वाटलं रागावेल. ती म्हणाली, "ये, इथे बस. शर्ट काढ आधी, त्वचेला लागेल ते."

मी बसलो आणि रडलो. तिने माझी पाठ ओल्या फडक्याने पुसली, निजल्या निजल्या जेवढा हात पोचला तेवढी. मी म्हटलं, मला काहीच करता येत नाहीये. ती म्हणाली, "शर्ट तरी धुवायला टाक. थंड पाण्यात, गरम नको."

२० जुलै, बुधवार

उशीर झाला होता मारायला. कडेच्या पानांवर तपकिरी डाग आले, पान उलटलं की खाली पांढरी लव. तो वास एकदा आला की विसरता येत नाही. मी फेस्टसला फोन केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा केला, नंबर पाठ होता हे बघून मलाच नवल वाटलं.

तो आला, वाल्डेकला घेऊनच आला. डेलिया बोलावल्याशिवाय आली. फेस्टस म्हणाला, पाला कापून टाकू, म्हणजे करपा खाली उतरायचा नाही, बटाटे वाचतील. वाढायचे मात्र थांबतील. आणि निदान दोन आठवडे तरी खणायचं नाही, साल पक्की होऊ दे. मी म्हटलं, अरे, गार्लंडचा रविवार त्याच्या आधी येतो. तो म्हणाला, "मॅलकी, यंदा जमिनीला रविवार कळणार नाही." सगळ्यांनी मिळून पाला कापला, लांब नेऊन जाळला. वाल आणि झेंडू उभेच होते, मध्ये नुसती उघडी माती. ती खिडकीतून बघत होती. आज काहीच खाल्लं नाही. पाणी, कापसाने.

२४ जुलै, रविवार

नोरीन आता रोज येते. गिळता येत नाही म्हणाली. मी विचारलं, परत कधी येईल गिळता? तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी बाहेर जाऊन वाफ्याजवळ उभा राहिलो. पुढच्या रविवारी. पुढच्याच रविवारी आहे की.

२७ जुलै, बुधवार

सकाळी तिचा श्वास वेगळा वाटला. मी उठलो, वाफ्यात गेलो. काटा घेतलाच नाही. गुडघ्यावर बसून हातांनीच माती उकरली, जुलैच्या बुधवारी, वडिलांनी बघितलं असतं तर दारात उभं केलं नसतं. कापलेल्या खुंटाखाली बटाटे होते. लहान, पण स्वच्छ. करपा उतरला नव्हता. साल बोटाने निघत होती.

तिने शिकवले तसे उकडले. मीठ घातलं. पाणी ओतून फडकं टाकलं. एक कुस्करून लोणी आणि थोडं दूध घातलं, अगदी पातळ केलं. खोलीत नेलं तेव्हा वासाने तिने डोळे उघडले.

"आज गार्लंडचा रविवार?" तिने विचारलं. आवाज जवळजवळ नव्हताच.

मी म्हटलं, "हो."

"मग थांबले मी," ती म्हणाली.

मी बोटाने थोडंसं तिच्या ओठांना लावलं. तिने जीभ फिरवली. गिळलं नाही, गिळता येत नव्हतं. ओठांच्या कडेला राहिलेलं मी पुसलं. लोणी खारं झालंय का, मी विचारलं. तिने डोळे मिटले होते.

तीन तारखेला तिला खाता आलं असतं. अख्खा खाता आला असता, सालीसकट.

३१ जुलै, रविवार

शुक्रवारी ती गेली. आमच्या रीतीप्रमाणे आज घरातच ठेवलीय, लोकांना शेवटचं बघता यावं म्हणून, उद्या दफन.

अंगणभर माणसं. इतकी माणसं आली की त्यांना द्यायला काही पुरेना, तेव्हा फेस्टसने मला विचारलं, काढू का? मी मान डोलावली. त्याने आणि वाल्डेकने दोन ओळी काढल्या, डेलियाने मोठ्या पातेल्यात उकडले. साली फुटून आतलं पीठ दिसत होतं. लोक उभ्याने खात होते, मीठ आणि लोण्याबरोबर, आणि म्हणत होते, क्वीन्स यंदा छान निघाले. आजच गार्लंडचा रविवार आहे हे कोणाच्या लक्षात होतं की नाही, मी बघितलं नाही. वाल्डेकने माझ्या हातात ताटली दिली. खाल्ला. चांगला होता. त्याचाच राग आला.

१ नोव्हेंबर, मंगळवार

बऱ्याच दिवसांनी वही काढली. नोरीनला आता दाखवायची नाही, तरी.

समजत नाही या लोकांचं. अट्रॅक्टा गेली, बटाटे संपले, माती चढवायची नाही. तरी फेस्टस गुरुवारी येतो. डेलिया मंगळवारी पत्ते घेऊन येते, आजही आली, आजही लबाडी केली. वाल्डेक रविवारी येतो. परवा त्याला सरळ विचारलं, तू का येतोस रे? तो म्हणाला, "हॉर्सरॅडिश बघायला. बाईंनी सांगितलं होतं, दर रविवारी बघत जा."

"त्याला काय बघायचं असतं?"

"काही नाही," तो म्हणाला. आणि खुर्ची ओढून बसला. मी किटली ठेवली.

डेलियाला विचारलं तर तिलाही असंच काही सांगून ठेवलेलं. फेस्टसला विचारलं नाही. तो आला की बसतो, आम्ही फारसं बोलत नाही. फाटक गंजलंय, उन्हाळ्यापासून उघडंच आहे. पुढच्या वर्षी रंगवू म्हणाला. कोणता रंग, यावर वाद झाला.

१७ मार्च, शुक्रवार

फेस्टस न सांगता खत टाकून गेला. बटाटे परत त्याच जागी लावायचे नसतात म्हणून नवा वाफा आखला, खिडकीच्या डाव्या बाजूला. वाल कुठल्या बाजूला टोचायचे यावर डेलियाचं आणि वाल्डेकचं वाजलं, तासभर तरी.

जुन्या वाफ्यात मला कोबी लावायचा आहे, म्हणून हॉर्सरॅडिश काढायला घेतलं. वाल्डेकने एका कोपऱ्यात हातभर खणलं, मूळ तुटलं, आणखी खणलं, परत तुटलं. खाली तुकडा राहिलाच. तो म्हणाला, मी सांगितलं होतं ना तुम्हाला. त्याने दुसऱ्या कोपऱ्याला फावडं लावलं तेव्हा मी त्याचा हात धरला.

"राहू दे," मी म्हटलं. "ते जायचं नाही. तिला माहीत होतं."

मग मी जरा गॅरेजमध्ये जाऊन आलो. परत आलो तेव्हा दोघंही तिथेच होते, वाल्डेकने फावडं भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

गुड फ्रायडेला एक ओळ जास्त लावायची आहे. खाणारे वाढलेत. आणि जुलैत कोणी मागितला तर काढून द्यायचा. रविवार बघायचा नाही.